पश्चिमेच्या वाटेवर कुटुंबं खरंच फुटली का?

प्रश्न : जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी वाचली आणि पाठोपाठ तिच्यावरचा जुना चित्रपटही पाहिला. कादंबरीत ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाकडे निघालेलं जोड कुटुंब एकेक माणूस गमावत जातं. चित्रपट संपतो तेव्हा मात्र हे घर तग धरेल असं वाटतं. यातलं खरं कोणतं? त्या काळी पश्चिमेला गेलेल्या घरांचं प्रत्यक्षात काय झालं? आमच्या गल्लीतली निम्मी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलपं लावून ऊस तोडायला पश्चिमेलाच जातात, म्हणून विचारावंसं वाटलं. (एक वाचक, माजलगाव)

उत्तर : कादंबरीतलं प्रत्येक दुःख कुठल्या ना कुठल्या घरात घडलेलं आहे, पण ते सगळं एकाच घरावर कोसळलेलं क्वचितच कुणी पाहिलं असेल. हजारो तंबूंत आणि झोपड्यांत पसरलेलं स्टाइनबेकनं एका ट्रकवर आणून बसवलं. इतिहासकारांना दिसलेलं चित्र बरंच वेगळं आहे. बहुतेक कुटुंबं नात्यांच्या आधारानं पश्चिमेला पोचली आणि नात्यांच्याच आधारानं तिथं टिकली. आणि जी फुटली, त्यांच्याबद्दल माझं मत असं की ती वाटेत फुटलीच नाहीत. गाव सुटायच्या आधीच त्यांच्यात भेग पडली होती, वाटेत ती फक्त दिसायला लागली.

हे नीट कळण्यासाठी आधी ही माणसं निघाली का, ते पाहायला हवं. ‘धुळीच्या वादळांमुळे’ हे ठरलेलं उत्तर अपुरं आहे. वादळं झाली, भयंकर झाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी मैदानी प्रदेशात काळी भिंत चालून यावी तशी धूळ आली आणि भरदिवसा अंधार पडला. (कादंबरी प्रसिद्ध झाली ती बरोबर चार वर्षांनी, १४ एप्रिल १९३९ ला.) पण या वादळांचा मुख्य टापू म्हणजे ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या वायव्य चिंचोळ्या पट्ट्या, पश्चिम कॅन्सस, आग्नेय कोलोरॅडो आणि ईशान्य न्यू मेक्सिको. जोड कुटुंबाचं गाव सॅलिसॉ हे ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, आर्कान्सॉच्या सीमेजवळ आहे. तो कापसाचा आणि कुळांचा मुलूख. शिवाय धुळीच्या खास टापूतली बहुसंख्य माणसं गाव सोडून गेलीच नाहीत, धूळ खात तिथंच राहिली.

सॅलिसॉसारख्या भागातून माणूस उठला तो कर्जानं, कापसाच्या भावानं आणि ट्रॅक्टरनं. १९२९ साली पौंडाला सतरा सेंटच्या आसपास असलेला कापसाचा भाव दोन वर्षांत सहा सेंटच्या खाली आला. ओक्लाहोमात दहांतले सहा शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते. १९३३ च्या शेती कायद्यानं कापसाचं क्षेत्र कमी करणाऱ्यांना सरकार पैसे देऊ लागलं. हेतू भाव सावरण्याचा होता. पण क्षेत्र कमी करायचं म्हटल्यावर मालकानं आधी कुळाचं क्षेत्र कमी केलं, आणि पुष्कळ ठिकाणी सरकारकडून आलेल्या रकमेतून ट्रॅक्टर विकत घेतला. एक ट्रॅक्टर आला की कित्येक घरांचं काम एकदम संपायचं.

कुळाच्या शेतावर घरातल्या प्रत्येकाला काम असतं. म्हाताऱ्याचा शब्द चालतो, कारण कुठल्या तुकड्यात पाणी साचतं ते त्यालाच ठाऊक असतं. थोडं वेगळं वागणारं पोरही खपून जातं, कारण त्याचे दोन हात उपयोगी असतात. पोरंसोरं वेचणीला लागतात. बाप हा बाप असतो, कारण पेरा कधी करायचा हे तो ठरवतो. जमीन गेली की माणसांतलं प्रेम लगेच आटत नाही, पण ज्याच्या-त्याच्या वाट्याचं काम जातं. स्टाइनबेकला हे अचूक कळलं होतं. म्हणून त्याच्या कादंबरीत कोण कोणत्या क्रमानं गळतं, ते पाहण्यासारखं आहे.

निघताना घरातली बारा माणसं आहेत आणि सोबत जिम केसी हा एकेकाळचा धर्मोपदेशक. सगळ्यांत आधी जातो तो आजोबा. त्याला गाव सोडायचं नाहीच. खोकल्याचं गुंगी आणणारं औषध कॉफीतून पाजून त्याला ट्रकवर चढवावं लागतं. पहिल्याच मुक्कामाला, ओक्लाहोमाची हद्दही ओलांडली नसताना, तो जातो. रीतसर दफनाला पैसे पुरणार नाहीत म्हणून त्याला रस्त्याकडेला पुरतात, आणि कुणी खुनाचा संशय घेऊ नये म्हणून बाटलीत चिठ्ठी घालून ती सोबत ठेवतात. हे पान मी जितक्या वेळा वाचलं तितक्या वेळा थांबलो आहे. ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका जमिनीच्या तुकड्यावर गेलं, त्याच्या मातीला परक्याच्या वाटेकडेची जागा, तीही चोरून.

मग नोहा, थोरला मुलगा. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर नीडल्स गावापाशी कोलोरॅडो नदी लागते. तिथं तो धाकट्या भावाला, टॉमला, सांगतो की मी येत नाही, आणि नदीकाठानं चालायला लागतो. भांडण नाही, रडारड नाही. घरच्यांनी आपल्याला कधी दुखवलं नाही, पण आपल्यावाचून त्यांचं अडत नाही, एवढं त्याला उमगलेलं असतं. शेतावर ही भावना मनात राहिली असती. रस्त्यावर ती पायांत उतरली.

आजी जाते मोहावीच्या वाळवंटात. ती गेली हे एकट्या आईला कळतं. डॅगेटच्या नाक्यावर शेतमालाची तपासणी करणारे अधिकारी गाडीतलं सामान उतरवायला सांगतात तेव्हा म्हातारी फार आजारी आहे असं सांगून ती गाडी पुढं काढायला लावते. वाळवंट पार होईपर्यंत ती प्रेताशेजारी पडून राहते. कुणाला सांगितलं असतं तर गाडी थांबली असती, आणि थांबणं परवडणारं नव्हतं.

त्यानंतर पळतो तो जावई, कॉनी. गरोदर बायकोला, रोझ ऑफ शॅरनला, निर्वासितांच्या वस्तीत टाकून तो नाहीसा होतो. जाण्याआधी तो काय पुटपुटत असतो? घरीच राहिलो असतो तर दिवसाला तीन डॉलर मिळवत ट्रॅक्टर चालवला असता. ज्या यंत्रानं सासुरवाडीची जमीन नांगरून टाकली त्याच यंत्रावर बसायचं स्वप्न! तरुण माणसाची ही ओढ स्टाइनबेकनं फार स्पष्ट पाहिली. पुढं मळ्यावरच्या संपात केसी मारला जातो. त्याला मारणाऱ्याचा टॉमच्या हातून खून होतो. लपलेल्या टॉमचं गुपित धाकट्या बहिणीच्या, रूथीच्या, तोंडून पोरांच्या भांडणात फुटतं आणि त्यालाही जावं लागतं. कुटुंब रेल्वेच्या डब्यात राहत असताना टॉमचा धाकटा भाऊ अल त्याच डब्यात राहणाऱ्या दुसऱ्या घरातल्या मुलीशी लग्न ठरवून त्या घरचा होतो. रोझ ऑफ शॅरनचं मूल मेलेलंच जन्मतं. शेवटच्या पुरात कोरड्या जागेच्या शोधात आई कोठारापाशी पोचते तेव्हा तिच्यासोबत घरातली पाचच माणसं उरलेली असतात.

आईबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कुटुंब फुटण्याची गोष्ट खरी तिच्यामुळे कळते. वाटेत सोबतच्या विल्सन जोडप्याची मोटार बंद पडते. टॉम सुचवतो की मी आणि केसी दुरुस्तीला थांबतो, बाकीचे पुढं व्हा. बापाला ते पटतंही. पण आई जॅकचा लोखंडी दांडा उचलून उभी राहते आणि नवऱ्याला बजावते की वेगळं होऊन कुणी पुढं जाणार नाही. बाप गप्प बसतो. त्या क्षणी घराचा कारभार तिच्या हाती येतो आणि पुन्हा कधी बापाकडे जात नाही. वाटेवर पुरुषांचं शेतीचं शहाणपण बिनकामाचं झालेलं असतं. उरलेल्या पिठात किती तोंडं भागतील हा हिशोब मात्र रोजचाच असतो, आणि तो तिचा आहे. स्टाइनबेकनं तिला हरूही दिलं नाही आणि जिंकूही दिलं नाही. आपली माणसं धरून ठेवणं तिला जमत नाही. पण शेजारची आजारी आणि उपाशी माणसं ती हळूहळू आपल्यात मोजू लागते. कादंबरीच्या शेवटी तिची मुलगी एका उपाशी, अनोळखी माणसाला आपलं दूध पाजते. अनेकांना हा शेवट अवघड जातो. मला तो अपरिहार्य वाटतो. रक्ताचं घर एवढं मोडल्यावर स्टाइनबेकला दुसरं कुठलं तरी घर दाखवायचंच होतं.

आता चित्रपट. जॉन फोर्डनं तो १९४० मध्ये केला आणि पटकथा लिहिताना नन्नली जॉन्सननं घटनांची जागा बदलली. कादंबरीत आधी सरकारी छावणीतले बरे दिवस येतात, मग संप, मग पूर. चित्रपटात संपाचा मळा आधी येतो आणि छावणी नंतर. पूर नाही, मेलेलं मूल नाही, कोठार नाही. नोहा तर कधी नाहीसा झाला हे कळतही नाही. एवढ्या फेरफारानं उतरणीची गोष्ट चढणीची झाली. चित्रपट उत्तम आहे, पण तुम्हाला जो धीर वाटला तो या क्रमातून आला आहे.

प्रत्यक्षात काय घडलं? जेम्स ग्रेगरी या इतिहासकाराचं ‘अमेरिकन एक्झोडस’ हे १९८९ चं पुस्तक या विषयावर मोलाचं आहे. तिसाव्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सॉ आणि मिसुरी या राज्यांतून तीन लाखांहून अधिक माणसं कॅलिफोर्नियात आली. त्यांतली बरीचशी शेतकरी नव्हतीच, गावा-शहरांतली कामगार आणि छोट्या धंद्यांतली होती. गाडी धड असेल तर प्रवास तीन-चार दिवसांचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अनेकांचं कुणी ना कुणी तिथं आधीच गेलेलं होतं. भाऊ, मावशी, चुलता. मजूर हवेत म्हणून मळेवाल्यांनी वाटलेल्या पत्रकांपेक्षा या नातेवाइकांची पत्रं जास्त माणसं घेऊन आली. आधी एक घर जातं, ते परसात तंबूला जागा देतं, मग दुसरं येतं. बेकर्सफील्ड ज्या केर्न कौंटीत आहे तिची लोकसंख्या त्या दहा वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक वाढली. गावांच्या कडेला ‘लिटल ओक्लाहोमा’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या उठल्या. तिथं लोक हप्त्यानं लहानसा तुकडा घेत आणि जमेल तसं घर उभं करत.

मर्ल हॅगर्ड या नामवंत गायकाचं घर हे याचंच उदाहरण. आई-वडील ओक्लाहोमातल्या चेकोटा गावचे. ते ऑइलडेलला आले, रेल्वेचा एक जुना डबा घेतला आणि त्याचंच घर केलं. १९३७ साली मर्लचा जन्म झाला तो याच कुटुंबात. जोड कुटुंबाची उरलीसुरली माणसं ज्या प्रकारच्या डब्यात दुरावली, तशाच डब्यात हॅगर्ड कुटुंब रुजलं. फरक एवढाच की वडिलांना रेल्वेत कायमची नोकरी मिळाली होती.

नोकरी नसलेल्यांचे हाल मात्र कादंबरीत आहेत तसेच होते, आणि इथं कायदाही घर फोडायला हातभार लावत होता. सरकारी मदत मिळवायची तर राज्यात किमान वर्षभर राहिल्याचा पुरावा लागे. कापूस वेचणीचे पैसे वजनावर, शंभर पौंडाला पाऊण ते एक डॉलर, म्हणून लहान पोरांच्या गळ्यातही पिशवी येई. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी शंभरावर शिपाई थेट राज्याच्या सीमांवर पाठवले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत लावलं. शहराच्या पोलिसांना हा अधिकार कुणी दिला, हे विचारायचं धाडस त्या वाटसरूंत कुठून येणार? त्याआधीच्या काही वर्षांत याच कॅलिफोर्नियातून मेक्सिकन मजुरांना मोठ्या संख्येनं मेक्सिकोला धाडलं गेलं होतं. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्यानं अमेरिकेची नागरिक असलेली मुलंही होती. त्या फुटलेल्या घरांवर इतकी गाजलेली कादंबरी आली नाही, म्हणून ती आपल्याला आठवत नाहीत. ओक्लाहोमाच्या लोकांबद्दल बोलताना हे विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि एक खटला तुमच्या प्रश्नाला अगदी नेमका भिडतो. मेरिसव्हिलचे एडवर्ड्स नावाचे गृहस्थ १९३९ च्या अखेरीस मोटार घेऊन टेक्सासला गेले आणि बेकार मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, घरी घेऊन आले. मेव्हण्याजवळ निघताना वीसेक डॉलर होते, पोचेपर्यंत तेही संपले. कॅलिफोर्नियात निर्धन माणसाला बाहेरून आणणं हा गुन्हा होता. एडवर्ड्सना सहा महिन्यांची शिक्षा झाली, तिची अंमलबजावणी तहकूब ठेवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यायाधीशांनी एकमतानं तो कायदा रद्द केला. गरीब आहे म्हणून माणसाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यापासून अडवता येणार नाही, हे त्या दिवशी ठरलं. तोवर युद्धाची कामं सुरू झाली होती. विमानांचे आणि जहाजांचे कारखाने माणसं शोधत होते. ज्या घरांना पाच-सहा वर्षं तग धरता आली, ती मग बहुतेक सावरली.

स्टाइनबेकनं हे सगळं पाहिलं कुठं? तो मूळचा कॅलिफोर्नियातल्या सलिनासचा. ओक्लाहोमाच्या निर्वासितांसोबत त्यानं सगळा प्रवास केला ही दंतकथा आहे. १९३६ मध्ये त्यानं ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’साठी मजुरांच्या वस्त्यांवर लेखमाला लिहिली. तेव्हा त्याला वाट दाखवली ती आर्विनच्या सरकारी छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांनी. छावणीचा कारभार तिथल्याच माणसांनी निवडलेल्या समित्या पाहत. कॉलिन्स वरिष्ठांना नियमित अहवाल पाठवत आणि त्यांत आकड्यांबरोबर माणसांची बोली, गाणी, तक्रारी, सैपाकातल्या अडचणी, सगळं टिपून ठेवत. कादंबरी ज्या दोघांना अर्पण केली आहे त्यांत पत्नी कॅरलसोबत हा टॉम आहे. १९३८ च्या हिवाळ्यात व्हायसेलियाला पूर आला तेव्हा स्टाइनबेक आणि कॉलिन्स मिळून चिखलात अडकलेल्या कुटुंबांना मदत करत होते. कादंबरीतला शेवटचा पूर तिथून आला.

त्याच छावण्यांत सनोरा बॅब ही ओक्लाहोमाचीच लेखिका काम करत होती. तिची टिपणंही कॉलिन्सकडून स्टाइनबेकपर्यंत पोचली. तिनं स्वतःही या लोकांवर कादंबरी लिहिली होती, पण १९३९ मध्ये ‘ग्रेप्स’ इतकी गाजली की प्रकाशकानं तिची बाजूला ठेवली. ‘हूज नेम्स आर अननोन’ ही कादंबरी २००४ साली, लेखिका शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षांची असताना, छापून आली. तुम्हाला ही गोष्ट खरोखर जाणून घ्यायची असेल तर तीही मिळवून वाचा. बॅबची माणसं जोड कुटुंबाएवढी भव्य नाहीत, पण त्यांचं रोजचं जगणं आतून पाहिलेलं आहे.

राहिली तुमच्या गल्लीची गोष्ट. दोन्हींत साम्य आहे तसं मोठं अंतरही आहे. जोड कुटुंब एकदाच निघालं आणि परतीची वाट उरली नाही. ऊसतोडीची घरं मुकादमाची उचल घेऊन दरसाल निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. तिथं म्हातारी माणसं वाटेत आधी गेली. इथं ती गावातच राहतात, शाळेत जाणाऱ्या नातवंडांना सांभाळत. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून जोडपं सुटत नाही, पण आई-बाप आणि लेकरं दरवर्षी पाच-सहा महिने वेगळी होतात. लेकरं बरोबर नेली तर शाळा सुटते, ठेवली तर आई सुटते. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच काढलेली आहेत. एकदाच फुटण्याचं दुःख कादंबरीत मावतं. दरसालच्या या ताटातुटीकडे मात्र आपण हंगाम म्हणून पाहतो आणि पुढं जातो, हे मला जास्त गंभीर वाटतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती. कॉलिन्स आणि बॅब यांनी वह्या भरल्या म्हणून नव्वद वर्षांपूर्वीची ती माणसं आज आपल्याला भेटतात. तुम्ही त्या गल्लीत राहता, माणसं तुमच्या ओळखीची आहेत. यंदा कुठल्या घरातून कोण गेलं, कोण मागं राहिलं, किती उचल होती, पोरं कुणापाशी ठेवली, शाळा किती दिवस बुडली, परत आल्यावर घरात काय बदललं होतं, हे त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. या दसऱ्यापासून सुरुवात करा.